मागची गाडी आणि आईचे गुडघे

गेल्या महिन्यात या सदराचा लेख आला नाही, म्हणून दोघातिघांनी मेसेज करून विचारलं. कारण साधं आहे, मी गुंदला आले आहे. जोयडा तालुक्यातलं, उळवीच्या वाटेवरचं आमचं गाव. इथे नेट हवं असेल तर घरामागच्या टेकाडावर फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि उभ्या उभ्या लेख होत नाही. सुपारीचे दिवस आहेत. अंगणभर सुपारी वाळत पडली आहे, रात्री पडवीत सोलणाऱ्यांच्या गप्पा चालतात, आणि मी आईला सहा महिन्यांसाठी आपल्याकडे घेऊन जाण्याच्या तयारीत आहे. त्यातच एक गाडी विकत घ्यायची आहे. गाडी अमेरिकेत, नवरा अमेरिकेत, आणि ज्यांच्यासाठी ती घ्यायची ते दोन गुडघे इथे ओट्यावर बसलेले.

नियमित वाचणाऱ्यांना आमचं मोटरहोम माहीत आहे. नवीन वाचकांसाठी सांगते, फोर्ड ई-450 च्या सांगाड्यावर बांधलेलं, स्वयंपाकघर, पलंग आणि संडास-बाथरूम असलेलं मध्यम आकाराचं घर. मंडळाच्या गणपतीत तुमच्यातल्याच एकाने मला विचारलं होतं, "मावशी, घर घेऊन फिरता, तर मागे आणखी गाडी कशाला बांधायची?" तेव्हा मी घाईत होते. आता सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मलाही पहिली दोन वर्षं पडला होता.

उत्तर एका रात्रीत मिळालं. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही एका कॅम्पग्राउंडवर मुक्कामाला होतो. घर समतल करून जॅक टेकवलेले, विजेची केबल, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची नळी, सगळं जोडलेलं. रात्री दीड वाजता नवऱ्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. तो घामाघूम होऊन पलंगावर वळवळतोय आणि मी बाहेर टॉर्च तोंडात धरून नळ्या सोडतेय. भिंतीतून बाहेर काढलेली खोली आत घ्या, जॅक उचला, कपाटांना कड्या लावा. घर हलायला चाळीस मिनिटं लागली. मग पंचवीस फुटांचं ते धूड घेऊन अनोळखी गावातल्या हॉस्पिटलचा अरुंद रस्ता. अपेंडिक्स निघालं, वेळेत निघालं. पण पुढच्या वेळी आई सोबत असणार आहे, वय 78, रक्तदाब आणि साखर दोन्हींच्या गोळ्या चालू. चाळीस मिनिटं आता परवडणार नाहीत.

म्हणून मागे गाडी. चारही चाकं रस्त्यावर ठेवून, पुढे लोखंडी दांडा लावून ओढायची. मोटरहोमवाल्यांच्या भाषेत तिला 'टोड' किंवा 'डिंगी' म्हणतात, होडीमागे बांधलेली छोटी होडी असते ना, तशी. दुसरे मार्ग आहेत. पुढची दोन चाकं छोट्या गाड्यावर चढवायची, किंवा अख्खी गाडी ट्रेलरवर घालायची. पण मग मुक्कामावर तो गाडा किंवा ट्रेलर कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि ट्रेलरचं वजन वेगळंच. चार चाकांवर ओढलेली गाडी पाच-सात मिनिटांत सुटते. किल्ली फिरवली की निघालो.

पिकअपच का, तर आईची व्हीलचेअर. ती ओली-चिखलाची असली तरी मागच्या हौद्यात टाकता येते. शिवाय दोन सायकली, लाकडं, आणि नवऱ्याचा मासे पकडायचा पसारा, ज्याच्या वासाबद्दल मी या सदरात आधीच पुरेसं लिहिलं आहे.

आता खरी अडचण. कुठलीही गाडी अशी ओढता येत नाही. हे आम्ही पैसे मोजून शिकलो. सुरुवातीला एक जुनी, छोटी ऑटोमॅटिक कार घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं, न्यूट्रलला टाका आणि खुशाल न्या. आम्ही नेली. साडेतीनशे मैलांनी पेट्रोल भरायला थांबलो तर गाडीखालून जळका वास. गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणून ती तशीच भंगारात दिली.

असं का होतं, हे मेकॅनिकने नंतर कागदावर काढून दाखवलं. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो, पण त्याला तेल मिळत नाही. दांडा न्यूट्रलला आहे म्हणजे आत सगळं मोकळं आहे असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. साठच्या वेगाने तासन् तास कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासलं तर आणखी काय होणार?

तो कागद बघताना मला अण्णांची जीप आठवली.

अण्णांनी लिलावात एक जुनी महिंद्रा जीप घेतली होती. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी दोन बुटके दांडे होते. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळायचा. दुसऱ्याला तीन जागा होत्या, वर-खाली दोन वेग आणि मधे न्यूट्रल. लहानपणी आम्हाला त्या दांड्यांना हात लावायला सक्त मनाई होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल भलतंच आकर्षण. 1991 च्या पावसाळ्यात ती जीप पोटोलीच्या अलीकडे बंद पडली. मी आणि धाकटा भाऊ मागे, पोत्यांवर. दांडेलीला जाणारी एक लॉरी थांबली, साखळी निघाली. क्लीनर म्हणाला, गिअर न्यूट्रलला टाका, चला. अण्णांनी गिअर तर काढलाच, पण खाली वाकून तो मधला बुटका दांडाही न्यूट्रलला आणला. मी विचारलं, एकदा न्यूट्रल केलं तर परत कशाला? अण्णा म्हणाले, "आता खालची चाकं कितीही फिरू देत, वरच्या पेटीला पत्ता लागायचा नाही."

वरची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. खालची पेटी म्हणजे ट्रान्सफर केस, जी इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. त्या पेटीत न्यूट्रल दिलं ते मुळात गाडी ओढण्यासाठी नव्हे. शेतावर जीप उभी ठेवून तिच्या इंजिनावर पट्टा लावायचा, पंप किंवा यंत्र चालवायचं, तेव्हा चाकांना जोर जाऊ नये म्हणून. विलीजच्या जीपचं ते वैशिष्ट्य होतं, आणि महिंद्राने 1947 पासून याच जीप भारतात जुळवायला घेतल्या. आज अमेरिकेत मोटरहोमवाले जीपच्या मागे का लागलेले असतात, याचं उत्तर अण्णांच्या त्या बुटक्या दांड्यात आहे. तो दांडा न्यूट्रलला गेला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. मग गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तरी बिघडत नाही. आजच्या जीपच्या पुस्तिकेत तर खालची पेटी न्यूट्रलला नेऊन वरचा ऑटोमॅटिक गिअर 'पार्क'मध्ये ठेवा असं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचलं की आपलाच विश्वास बसत नाही.

(त्या दिवशी लॉरीमागे जीप नेताना अण्णा स्वतः स्टिअरिंगवर होते. आपल्याकडच्या 1989 च्या रस्ता-नियमांत तसंच होतं. नादुरुस्त गाडीच ओढायची, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला हवा किंवा तिची पुढची चाकं उचललेली हवीत, आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नाही. धडधाकट रिकामी गाडी मागे बांधून महामार्गावरून नेणं ही कल्पनाच त्या नियमात बसत नाही. भावाला मी आमचा बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "अक्का, इथे असं केलंस तर पहिल्याच चौकीवर तुला खाली उतरवतील.")

तर साहजिकच यादीत पहिली होती जीप ग्लॅडिएटर. पिकअप आहे, पाच फुटांचा हौदा आहे, ओढण्याच्या बाबतीत निर्धोक. नवरा तिच्या प्रेमात पडला होता हे वेगळं सांगायला नको. टोयोटाची टॅकोमा मला आवडायची, पण ऑटोमॅटिक टॅकोमा चार चाकांवर ओढू नका असं कंपनीच सांगते, आणि आईला घेऊन शहरातल्या गर्दीत क्लच दाबत बसायची माझी तयारी नाही. शेवरोले कोलोराडोची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, ज्यात न्यूट्रलवाली ट्रान्सफर केस असते, ती चालली असती. पण वजन.

वजनाचं गणित मी इथे पडवीत सुपारीच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर केलं. ई-450 च्या सांगाड्याला घर आणि मागची गाडी मिळून 22,000 पौंडांची मर्यादा आहे. आमचं घर पाणी, सामान आणि माणसांसकट काट्यावर 13,900 भरलं होतं. म्हणजे 8,100 उरले. नवरा खूश. मी त्याला घराच्या मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, हुकाशेजारची पाटी वाचायला सांगितली. त्यावर 5,000 लिहिलेलं. सांगाडा काय म्हणतो, हूक काय म्हणतो, दांडा काय म्हणतो, यातला जो सर्वांत लहान आकडा, तोच आपला. ग्लॅडिएटर रिकामी असतानाच साडेचार हजार पौंडांच्या वर जाते. त्यात व्हीलचेअर, सायकली, पुढे बसवलेली लोखंडी चौकट, ब्रेकची पेटी. मर्यादेच्या आत बसतं, पण ताटातली आमटी काठापर्यंत भरून जिना चढण्यासारखं.

मग आली फोर्ड मॅव्हरिक. 2022 सालापासून निघालेली, खरोखर छोटी पिकअप. हौदा साडेचार फुटांचा. हायब्रिडचं वजन सुमारे 3,700 पौंड. आणि गंमत अशी की हिला अण्णांच्या जीपसारखी खालची पेटीच नाही, तरीही हायब्रिड मॅव्हरिक चार चाकांवर ओढता येते, कारण तिची गिअरची रचनाच निराळी आहे. पण त्याच नावाची, तशीच दिसणारी, दोन लिटर टर्बो इंजिनाची मॅव्हरिक ओढता येत नाही. तिच्यात नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे.

इथेच आम्ही दुसऱ्यांदा फसणार होतो. नवऱ्याला एका दुकानात दोन वर्षं वापरलेली, निळी, झकास मॅव्हरिक मिळाली. किंमत आमच्या अंदाजापेक्षा कमी. विक्रेता म्हणाला, मॅव्हरिक म्हणजे टोड करायला उत्तम, सगळे घेतात. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. इथे रात्रीचे साडेनऊ, मी टेकाडावर फणसाखाली, पायाशी जळवा आहेत का बघत. मी म्हटलं, पुस्तिका उघड, 'चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढणे' असं प्रकरण असेल, ते वाच. पुस्तिका गाडीत नव्हती. मग त्याने फोनवर शोधली, त्याच वर्षाची, त्याच इंजिनाची. दोनदा वाचलं. ती टर्बो होती. विक्रेत्याला त्याने ते पान दाखवलं तर तो म्हणाला, अच्छा, मला वाटलं सगळ्याच. खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आमची पहिली गाडी विकणाराही बहुधा खोटं बोलत नव्हता. भंगारात गाडी आमचीच गेली.

तुमच्यापैकी कुणी पुढेमागे या फंदात पडलंत तर एवढं कराच. मित्राचं ऐकू नका, माझंही ऐकू नका. त्या वर्षाच्या, त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलं ते पान वाचा. होंडा सीआर-व्ही 2014 पर्यंत लोक आरामात ओढायचे, 2015 ला गिअरबॉक्स बदलला आणि ते बंद झालं. नाव तेच, चेहरा जवळपास तोच.

आई हे सगळं ऐकत होती. सुपारी सोलता सोलता तिने विचारलं, "मागच्या गाडीत कोण बसणार?"

"कुणी नाही."

"मग ब्रेक कोण मारणार?"

इतक्या वर्षांत या विषयावर मला विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न. बरेच मोटरहोमवाले तो विचारत नाहीत. पुढच्या घराला ब्रेक आहेत की, मग झालं, असं म्हणतात. पण उतारावर पावणेदोन टन मागून ढकलत येतात तेव्हा घराचे ब्रेक त्यांच्या हिशेबाने बनवलेले नसतात. अनेक राज्यांत ओढल्या जाणाऱ्या वाहनाचं वजन 3,000 पौंडांच्या वर गेलं की त्याला स्वतःचा ब्रेक हवा असा नियम आहे, कुठे ही मर्यादा आणखी कमी. त्यासाठी एक पेटी मिळते. ती ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. पुढचं घर थांबायला लागलं की पेटी पेडल दाबते. इंजिन बंद असताना पेडल कसं वागतं हे गाडीगाडीवर अवलंबून असतं, म्हणून पेटी घेताना गाडीचं नाव सांगूनच घ्यावी लागते. शिवाय एक बारीक तार पुढच्या घराला बांधलेली असते. दांडा तुटून गाडी सुटलीच तर ती तार खेचली जाते आणि मागची गाडी स्वतःहून ब्रेक लावते.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अण्णांच्या जागी पेटी." मग थोडा वेळ नुसती सुपारीची टरफलं पडत राहिली.

आणखी दोन गोष्टी भराभर सांगते. दांडा शक्य तितका आडवा, समपातळीत हवा. तीन इंचांपेक्षा जास्त उतार नको, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर मागची गाडी घराखाली घुसू बघते. आणि गाडी मागे बांधलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, दहा फूटसुद्धा नाही. पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. चुकून बंद गल्लीत शिरलात तर खाली उतरून गाडी सोडवायची, मग घर मागे घ्यायचं. हे नवऱ्याला पटवायला मला एक दांडा खर्ची घालावा लागला.

आता गुडघे. भावाकडे इथे बोलेरो पिकअप आहे. बागेत तिच्याशिवाय पान हलत नाही, आणि दांडेलीला डॉक्टरकडे आईला तिच्यातूनच नेतात. दोन जणांनी आधार द्यायचा, खाली स्टूल, आणि आई तोंडाने काही बोलत नाही पण कपाळावर आठी. त्याच आईला आमच्या ओट्यावर बसताना-उठताना कुणी लागत नाही. म्हणून मी भावाला टेप आणायला सांगितला. ओटा तेवीस इंच भरला. आईला इंच मान्य नाहीत. तिने स्वतः उठून वितीने मोजला, जमिनीपासून काठापर्यंत, आणि म्हणाली, "याच्यावर चार बोटं चालतील. वीत चालायची नाही."

हा निरोप टेकाडावरून अमेरिकेला गेला. दुसऱ्या दिवशी नवरा टेप घेऊन दोन दुकानांत फिरला. माणसं बघत होती म्हणाला. मॅव्हरिकची बसायची जागा ओट्याच्या चार बोटं वर निघाली, अगदी जेमतेम. ग्लॅडिएटरची वीत आणि वर आणखी काही. फोनवर त्याचा आवाज जरा पडलेला होता. त्याने ग्लॅडिएटरला बाजूने पायदान लावता येतं असं सुचवून बघितलं. मी काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, "नाही, पायदानावर एक पाय ठेवून वर उचलायचं तेच तर त्यांना जमत नाही."

हायब्रिड मिळायला पंधरा दिवस गेले. निळी नाही, करड्या रंगाची, टर्बोपेक्षा किंमत जास्त, आणि पाहायला शेजारच्या राज्यात जावं लागलं. यावेळी नवऱ्याने आधी पुस्तिका उघडली, मग बॉनेट. पुढे लोखंडी चौकट बसवायला आणि मागचे दिवे घराच्या दिव्यांशी जोडायला गॅरेजमध्ये एक आठवडा लागणार आहे. आम्ही पोचायच्या आत ते व्हावं एवढीच इच्छा.

काल उळवीच्या जत्रेच्या बैलगाड्या आमच्या रस्त्याने गेल्या. माघ पौर्णिमेला धारवाडकडची माणसं अजूनही कुटुंबासकट येतात. छपराच्या गाड्या, आत अंथरुणं, भांडी, पोरं. एका गाडीच्या मागे दोरीने बांधलेलं एक वासरू रमतगमत चाललं होतं. आईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "ते बघ, तुझी मागची गाडी."

भावाने वाड्यातल्या फणसाच्या जुन्या फळीतून आईसाठी एक पायरी केली आहे, बरोबर चार बोटं उंचीची, खाली रबर लावून. मी सांगून पाहिलं की तिकडे प्लॅस्टिकचं स्टूल दहा डॉलरला मिळतं. आईने ते ऐकूनच घेतलं नाही. पायरी काट्यावर तीन किलो दोनशे भरली. तेवढ्यासाठी आंब्याच्या लोणच्याची एक बरणी कमी करावी लागेल, आणि ती कुणाची, माझी की नवऱ्याची, यावर सध्या टेकाडावरून चर्चा चालू आहे.